दोन तालांमधली उभी रेघ

मी रेघ बोलतेय. उभी रेघ.

वहीच्या समासातली नव्हे हं! ती बिचारी कोपऱ्यात लाल होऊन बसते, तिच्या अलीकडे कुणी लिहीत नाही. मी गाण्याच्या कागदावरची. पाच-पाच आडव्या ओळी आखून त्यांवर काळे ठिपके मांडतात ना, सूर लिहायचे म्हणून? त्या ओळींमध्ये ठरावीक मात्रा झाल्या की जी ताठ उभी असते, ती मी. माझ्या अलीकडे एक घर, पलीकडे दुसरं. वाजवणाऱ्याला मी एवढंच सांगते, "बाबा रे, इथे एक घर संपलं. आता पुढच्यात पाऊल टाक." काम एवढंसंच, पण ते कुणी करत नसेल तर काय गोंधळ होतो ते बघायचं असेल, तर कुठल्याही वरातीच्या मागे चाला.

माझा जन्म धुळ्याचा. मेघा तिथल्या एका शाळेत संगीत शिकवते. तिच्याकडे एक लॅपटॉप आहे, झाकण उघडताना कुरकुरणारा, आणि त्यात गाण्याचं लेखन करायचं एक सॉफ्टवेअर. एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तिनं नवीन पान उघडलं आणि मी जन्मले. एकदम पानभर! वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत, बासरी असो, पेटी असो, ढोलकी असो, सगळ्यांच्या अंगावरून आरपार. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. माझ्यापुढे सगळे सारखे.

खरं सांगते, तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान होता. शाळेची प्रार्थना लिहिली, मी सरळ. लेझीम लिहिली, मी सरळ. स्नेहसंमेलनात पोरं बेसूर झाली तरी कागदावर मी सरळच होते. "जग बिघडलंय," मी मनात म्हणायची, "ते केवळ जगात उभ्या रेघा नाहीत म्हणून."

मग आमच्या घरात लग्न निघालं.

मेघाचा धाकटा भाऊ ललित. गाव अमळनेरजवळ, नोकरी जळगावला बँकेत. त्याच बँकेत विधी. जळगावच्या कन्हैयालालजींची मुलगी, मारवाडी घरातली, कापडाच्या दुकानावर वाढलेली. दोघांचं जुळलं. आता आमच्याकडचे शेतकरी लोक आणि त्यांच्याकडचे व्यापारी लोक, दोन्हीकडे आधी व्हायचं ते झालंच. चार शहाण्यांनी मध्यस्थी केली, दोन शहाण्यांनी बिघडवलं. शेवटी एकदाची सुपारी फुटली. जेवणात वरण-बट्टी करायची की दाल-बाटी, यावर दोन्हीकडचे पुरुष तासभर भांडले आणि मग कुणाच्यातरी लक्षात आलं की पदार्थ एकच आहे.

खरा तिढा पुढेच होता. तो दोन म्हाताऱ्यांचा.

एक आमची भिकुबाई. ललित-मेघाची आत्या, आमच्याकडे फुई म्हणतात. ललित रांगत होता तेव्हा त्याची आई गेली. फुईचाही संसार मोडलेलाच होता. ती माहेरी आली आणि तिनं या दोन लेकरांना आईसारखं वाढवलं. गावात कुणाच्याही घरी हळद लागली की फुईला बोलावणं. आवाज घोगरा, खालचा, पण नवरदेव दाराशी आला की ती जे गाणं म्हणते त्याच्याशिवाय गावात लग्न लागल्यासारखं वाटत नाही. सगळ्या गावाच्या पोरांना तिनं दाराशी उभं केलं. आता स्वतःच्या लेकराची पाळी आली होती.

दुसरी हीराबाई. विधीची दादी. नात जातीबाहेर लग्न करतेय म्हटल्यावर दादीनं अबोला धरला. ताट वाढायची, डोक्याला तेल लावून द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. बरेच महिने असे गेले आणि मग एक दिवस वेणी घालता घालता तिनं तोंड उघडलं ते अटीसाठीच.

"बरात दरवाजे पे आवे, तो म्हारो बन्नो होसी. दूसरो गीत कोनी. नहीं तो म्हूं कोनी आऊं."

म्हणजे वरात दाराशी आली की माझंच गाणं, दुसरं नाही. नाहीतर मी लग्नाला येत नाही.

हे आमच्या गावी कळलं. फुई पातेलं घासत होती. तिनं पातेलं तसंच ठेवलं.

"मन्हा ललित दारशी उभा ऱ्हाई आनि मी काय मुकी ऱ्हासू? मग माले कसाले लई जातस? मी आठेच ऱ्हासू, घर राखसू."

म्हणजे मी मुकीच राहायची तर मला नेता कशाला, इथेच राहते, घर राखते. झालं! आता करा काय करायचं ते. मेघा म्हणाली, आधी एक म्हणेल, मग दुसरी. पण आधी कोण? लग्नात 'नंतर' या शब्दाइतका अपमान दुसरा नाही, हे कुणाला सांगायला नको. मेघाचा चुलतभाऊ स्वप्नील म्हणाला, "ताई, डीजे लावून टाकू. कुणाचंच ऐकू येणार नाही." फुईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो चप्पल न घालता बाहेर पडला.

तेवढ्यात विधीचा फोन आला. पोरगी रडत नव्हती, पण आवाज रडून झाल्यावरचा होता.

"मेघाताई, दोघींतली एक जरी रुसून घरी राहिली ना, तर मी ते लग्न जन्मभर अर्धंच समजेन. एकीला म्हणू दिलं आणि दुसरीला गप्प केलं असं नको. एकदम म्हणू देत ना दोघींना! तुम्हाला ते लिहिता येतं ना?"

"दोन गाणी एकदम?" मेघा म्हणाली.

"मग काय झालं? आम्ही नाही का दोघं एकदम राहणार?"

मेघानं फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. झाकण कुरकुरलं. मला वाटलं नेहमीचंच काहीतरी असेल.

फुईचं गाणं तिनं अंगणात बसून मोबाईलवर घेतलं. दादीचं विधीनं पाठवलं. दोन्ही ऐकून मेघानं कपाळावर हात मारला. फुईचं गाणं दादऱ्याच्या झोक्याचं, सहा मात्रांचं:

हाऊ कोन दारशी उभा, उंबरा इचारस वं…

दारात हा कोण उभा आहे, असं उंबरा विचारतोय. आणि दादीचं गाणं केरव्यात, आठ मात्रांचं, ठुमकत येणारं:

हौळे आवो बन्ना सा, आंगण आलो है…

नवरदेवा, हळू या, अंगण ओलं आहे. ताल वेगळे ते वेगळेच, वर पट्टीही वेगळी. फुईचा 'सा' पेटीच्या पांढरी पाचचा. दादीचा आवाज बारीक, तिचा 'सा' पांढरी दोनला, म्हणजे जिथे फुईचा 'प' लागतो तिथे दादी घर बांधून बसलेली.

मेघानं आधी सगळ्यांसारखंच केलं. दोघींना एकीत बसवायला गेली. दादीचं गाणं ओढून फुईच्या पट्टीत खाली आणलं, तर ते लग्नाचं राहिना, कुणाच्या घरी समाचाराला गेल्यासारखं वाटायला लागलं. फुईचा दादरा केरव्यात कोंबला, तर तो लंगडायला लागला. शेवटी ती म्हणाली, "नाहीच. दोघींना आपापल्या घरात राहू द्यायचं."

आणि तिनं फुईच्या ओळीवर सहा मात्रांचं चिन्ह ठेवलं.

आता हे सॉफ्टवेअर स्वभावानं माझ्याच वळणाचं. एका ओळीला सहा म्हटलं की त्यानं सगळ्या ओळींना सहा करून टाकलं. दादीची आठ मात्रांची ठुमक मध्येच कापली गेली, 'बन्ना' एका घरात आणि 'सा' दुसऱ्या घरात. मेघानं मागे घेतलं. दादीच्या ओळीवर आठ ठेवलं. सगळ्यांना आठ! आता फुईचा उंबरा तुटला. पट्टीचंही तसंच. दादीच्या ओळीच्या सुरुवातीला सूर चढवायची दोन चिन्हं, शार्प म्हणतात ती, लावली की फुईच्याही ओळीला दोन, फुईची एक ठेवली की दादीचीही एकच. मी मनातल्या मनात टाळ्या पिटत होते. "शाब्बास! घराला एकच शिस्त पाहिजे."

पण मेघा हटणारी नव्हती. खान्देशातली पोरगी ती, उन्हात वाढलेली. शोधता शोधता तिला एका खिडकीच्या तळाशी एक बारीकसा चौकोन सापडला. त्याच्यापुढे लिहिलेलं होतं: फक्त या ओळीपुरतं. तिनं त्यावर टिचकी मारली.

आणि माझे तुकडे झाले हो!

खोटं सांगत नाही. वरपासून खालपर्यंत आरपार उभी असणारी मी, क्षणात मोडले. फुईच्या ओळीवर माझा एक तुकडा सहा मात्रांनी, दादीच्या ओळीवर दुसरा आठ मात्रांनी. वरचा इकडे, खालचा तिकडे, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. फुईच्या ओळीच्या दाराशी एक शार्प, दादीच्या ओळीच्या दाराशी दोन. इतका अपमान माझा कधी झाला नव्हता. मला रडू आलं, पण रेघेला रडून उपयोग काय, शाई तर नव्हतीच.

फक्त एक गोष्ट झाली. चोवीस मात्रा गेल्या आणि मी अचानक परत एकसंध उभी राहिले. चार दादरे म्हणजे तीन केरवे, हिशेब साधा आहे. तिथे वरचा तुकडा आणि खालचा तुकडा बरोबर एकाखाली एक आला. मग परत मोडले, आणि परत चोवीस मात्रांनी उभी राहिले. मेघा खुर्चीत मागे टेकली आणि एकटीच हसायला लागली. मला मात्र ती दया दाखवल्यासारखी वाटली.

ती फाईल तिनं 'ललित लग्न फायनल' म्हणून ठेवली. मग 'फायनल खरं'. मग 'हेच घ्या'. माणसांना एखादी गोष्ट संपली हे एकदाच सांगून पटत नाही, हे मी तेव्हा शिकले.

दोन्ही घरच्या बायकांना सवय व्हावी म्हणून मेघानं ते दोन्हीकडे मोबाईलवर पाठवलं. आधी सॉफ्टवेअरच्या आवाजात पाठवलं होतं. फुई म्हणाली, "हाई कोन मांजर रडी ऱ्हायनं?" मग मेघानं दोघींचे खरे आवाज एकावर एक बसवून पाठवले. पहिले काही दिवस फुईची एकच तक्रार: "ती बाईनं बंद कर, मन्हंच लाव." पण दोन्ही आवाज एकातच बांधलेले, एकीला बंद करायची सोयच नव्हती. पुढे पुढे तक्रार थांबली. एकदा सुट्टीत मेघा घरी आली होती, लॅपटॉप ओट्यावर होता, आणि फुई कळण्याची भाकरी थापत होती. तिचा हात आठ मात्रांनी पडत होता. मी बघितलं. मेघानं नाही बघितलं.

राहिला बँड. अमळनेरचे अमृत मास्तर या भागात जुने. क्लॅरोनेट वाजवतात आणि कागद वाचतात. कागद वाचणारे बँडवाले आता फार नाहीत, याचा त्यांना तोराही आहे. मेघानं छापून आणलेले कागद त्यांनी चष्मा वर करून पाहिले, खाली करून पाहिले.

"बेटा, छपाई चुकली वाटतं. रेघा तुटल्या आहेत."

"नाही मास्तर, मुद्दामच—"

"अगं, एकाच पानावर एकीला सहा अन् दुसरीला आठ? कुणी पाहिलं तर म्हणतील अमृत मास्तर म्हातारा झाला."

मेघा चहा आणायला गेली, तेवढ्यात मास्तरांनी पट्टी आणि पेन काढलं आणि सगळ्या कागदांवर मला जोडून सरळ केलं! निळ्या शाईनं, वरपासून खालपर्यंत. शिवाय दादीच्या ओळीवरचा एक शार्पही खोडला, दोन्ही ओळी सारख्या दिसाव्यात म्हणून. काय सांगू तुम्हाला, मला मास्तरांच्या पाया पडावंसं वाटलं. या जगात एक तरी माणूस शहाणा निघाला.

मग वाजवायला घेतलं.

ट्रम्पेट फुईच्या गाण्याला, क्लॅरोनेट दादीच्या. मास्तरांच्या निळ्या रेघांवर सगळ्यांनी एकदम जोर दिला, आणि जे काही बाहेर पडलं ते ऐकून शेजारच्या सायकलच्या दुकानातला माणूस पाना हातात घेऊन बघायला आला. शार्प खोडल्यामुळे दादीच्या गाण्यातला शुद्ध 'नी' कोमल झाला होता आणि लग्नघरात सगळ्यांना एकदम पोटात दुखावं तसं ते गाणं रडत होतं. मास्तर थांबले. कागद लांब धरला. मग मेघाकडे बघून म्हणाले, "तुझ्या तुटक्या रेघाच बऱ्या होत्या का गं?"

"होत्या, मास्तर."

"मग आम्ही एकत्र कुठे यायचं?"

मेघानं चोविसाव्या मात्रेवर बोट ठेवलं. जिथे मी आपोआपच उभी होते, कुणी न जोडता. मास्तरांनी मान डोलावली आणि झांज वाजवणाऱ्या प्रेमराजला हाक मारली. "प्रेमराज, तू कुणाच्या गाण्याकडे लक्ष द्यायचं नाही. चोवीस मोजायचे आणि झांज मारायची. लग्न लागो की मोडो, तू मोज." प्रेमराज गोड माणूस, तो म्हणाला, "मोजतो ना." मास्तरांनी नवे कागद छापून घेतले आणि बाकीच्यांना सोपी खूण सांगितली: ट्रम्पेटवाल्यांनी भिकुबाईंच्या तोंडाकडे बघायचं, क्लॅरोनेटवाल्यांनी हीराबाईंच्या.

लग्न जळगावला, गावाबाहेरच्या एका मंगल कार्यालयात. मी त्या दिवशी किती कागदांवर होते म्हणून सांगू! ट्रम्पेटला चिमट्यानं अडकवलेली, मास्तरांच्या पुढ्यात, प्रेमराजच्या छातीवर सेफ्टीपिनेनं. ऊन मी म्हणत होतं. ललित घोड्यावर, मुंडावळ्यांतून घाम गळतोय. दारात तोरण, तोरणाखाली आरतीचं ताट घेऊन हीराबाई, मागे चुनऱ्या ओढलेल्या त्यांच्या बायका. अलीकडे भिकुबाई, नवं लुगडं, मागे आमच्या गावच्या बाया. दोघी आयुष्यात पहिल्यांदाच एकमेकींसमोर उभ्या होत्या. नमस्कार झाला नाही. दोघींचे ओठ घट्ट मिटलेले. विधी वरच्या खिडकीतून बघत होती, हातातला हार तिनं पार मुठीत धरला होता. 

मास्तरांनी सुरुवात वाजवली. चोवीस मात्रा भरल्या. प्रेमराजनं झांज मारली. मी आरपार उभी राहिले आणि दोघींनी एकदम तोंड उघडलं.

"हौळे आवो बन्ना सा…"

हे भिकुबाईनं म्हटलं!

"हाऊ कोन दारशी उभा…"

आणि हे हीराबाईनं!

अहो, काय सांगू! एका क्षणात सगळा हलकल्लोळ. फुई दादीचं गाणं म्हणतेय, घोगऱ्या आवाजात पार वर चढून, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. दादी फुईचं गाणं म्हणतेय, बारीक आवाज खाली ओढून, आणि 'वं' म्हणताना तिचा 'वं' निम्म्यातच मारवाडी होतोय. दोघीही म्हणता म्हणता डोळे विस्फारून एकमेकींकडे बघतायत. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. दोघींनी आपापल्या घरी, आपापल्या मनाशी ठरवलेलं.

ट्रम्पेटवाले बघतायत भिकुबाईंच्या तोंडाकडे, क्लॅरोनेटवाले हीराबाईंच्या, आणि ऐकू येतंय भलतंच. एकानं सहा सोडून आठ धरले, दुसऱ्यानं आठ सोडून सहा. ललितचा घोडा दोन पावलं मागे सरकला. मेघानं डोळे मिटून घेतले. फक्त प्रेमराज, देव त्याचं भलं करो, मोजत होता. एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, आणि झण्णकन झांज!

"तोंड पाहू नका रे!" मास्तर ओरडले. "कागद पाहा! गाणी तीच आहेत, माणसं बदलली!"

सगळ्यांनी कागद पाहिला. मी तिथेच होते. इकडे सहावर मोडलेली, तिकडे आठवर मोडलेली, जिथल्या तिथे. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मोडून उभं राहण्यालाही ताठ उभं राहण्याइतकीच ताकद लागते. बँड सावरला.

मग बाया सावरल्या. फुईला मारवाडी शब्द पुढे आठवेनात, तशी समोरून हीराबाईंच्या धाकट्या सुनेनं शब्द पुरवला. मग दुसरीनं पुरवला. ऐकू येईना म्हणून त्या उंबरा ओलांडून फुईच्या मागेच येऊन उभ्या राहिल्या. इकडे हीराबाई 'इचारस'वर अडखळली, तशा आमच्या गावच्या बाया पदर खोचून तिच्या बाजूला गेल्या. बघता बघता इकडच्या तिकडे आणि तिकडच्या इकडे. सोयरे कोण आणि वऱ्हाडी कोण, नुसतं बघून कळायला मार्ग राहिला नाही. दोन पट्ट्या, दोन ताल, आणि दर चोवीस मात्रांनी झांज पडली की सगळ्या जणी एकदम हसायच्या.

कागदावर शेवट आला. शेवटच्या घराला मला दुहेरी काढतात, एक बारीक आणि एक जाड. म्हणजे संपलं. बँड बरोबर तिथे थांबला. भिकुबाई थांबली. आमच्या बाया थांबल्या.

हीराबाई थांबली नाही.

ती एकटीच म्हणत होती, फुईचं गाणं, अगदी हळू, ताट हातात, डोळे मिटलेले. आवाज बारीक होत होत कापायला लागला. कन्हैयालालजी पुढे आले, "माँ, हो गया. आरती कर दो, मुहूर्त निघून जाईल." ती ऐकेना. फुई जवळ गेली आणि तिनं ताटाला खालून हात लावला.

"ताई, काय व्हयनं?"

हीराबाईनं डोळे उघडले. "गीत खतम हो जासी, तो बींद मांय आसी," ती म्हणाली. "बींद मांय आसी, तो म्हारी छोरी…"

  गाणं संपलं की नवरदेव आत येणार, आणि नवरदेव आत आला की नात गेली. म्हणून तिला दाराशी आपलं गाणं हवं होतं, हवं तितकं लांबवता येणारं, म्हणून ती अट, म्हणून ते सगळे महिने अबोल्याचे. वर खिडकीत विधी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती.

 फुईनं पदरानं आधी हीराबाईचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"मी तुमनं गानं का म्हनं, माहीत शे का? पोर तुमनी जाई ऱ्हायनी. मन्हा तर घरमा एक वाढी ऱ्हायना. मंग गानं तुमनंच पाहिजे ना."

हीराबाई म्हणाली, "म्हूं सोच्यो, थे इण नै माँ बणकर पाळ्यो. तो गीत थांरो."

एक म्हणत होती, पोर तुमची चालली, म्हणून गाणं तुमचं; दुसरी म्हणत होती, तुम्ही याला आईसारखं वाढवलं, म्हणून गाणं तुमचं. दोघी ताट मध्ये धरून उभ्या राहिल्या. मग फुईनं गळा साफ केला.

"मंग कसाले खतम करतस? पहिलपासून म्हनूत."

"फुई," घोड्यावरून ललितचा आवाज आला, "ऊन फार…"

"चूप ऱ्हाय. तरनाताठा शे, उभा ऱ्हाय." मग मास्तरांकडे वळून, "वाजाडा हो!"

मास्तरांनी क्लॅरोनेट ओठाला लावलं आणि गाणं परत सुरू झालं. संपलं की दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि परत सुरू करायच्या. मुहूर्त गेला तो गेला. भटजींनी दुसरा काढला, काढतातच ते. कितीदा म्हटलं? मात्रा मोजण्यात माझा जन्म गेला, पण ते मी मोजलं नाही. शेवटी हीराबाईच म्हणाली, "बस. अब आवा दो," आणि तिनं स्वतः ललितला हाताला धरून आत घेतलं.

आता मी धुळ्याला आहे, त्याच कुरकुरणाऱ्या लॅपटॉपमध्ये. लग्नानंतरच्या रविवारी मेघानं फाईल उघडली. मला वाटलं, ती ठेवून देईल, जुन्या फाईली ठेवतात तशी. तिनं शेवटच्या घरापर्यंत जाऊन तिथल्या माझ्या दुहेरी रूपाच्या अलीकडे एकावर एक असे दोन ठिपके लावले आणि लॅपटॉप मिटला. मला आता कुणी सरळ करू नका, एवढंच सांगणं आहे. मोडलेली आहे तशीच राहू द्या, जिथे भेटायचं तिथे मी आपोआप भेटते.

या जागी रीतीप्रमाणे मी तुमचा निरोप घ्यायला हवा. पण त्या दोन ठिपक्यांचा अर्थ कुठल्याही वाजवणाऱ्याला विचारा. ते म्हणतात, संपलेलं नाही, मागे फिरा, गाणं परत पहिल्यापासून. ललितला थोडा वेळ उन्हात राहू द्या. आत्ता, या घडीला, नात अजून दादीचीच आहे.